औषधानं थांबते, घरचे आले का पुन्हा सुरू होते, आता पिशवी काढा म्हणतात, काय करू?

वावरातली_बाई

नमस्कार ताई लोकहो. नाव गाव लिहत नाही, समजून घेजा. यवतमाळ जिल्ह्यातली आहो, वय २९, दोन लेकरं, धाकट्याच्या बाळंतपणातच ऑपरेशन झालं. मले आंगावरून पांढरं जाते त्याले आता दीड वर्ष झालं. आधी मी मनावर घेतलं नाही, वाटलं सगळ्याच बायायले जाते, आत्याबाई म्हणे धुपणी आहे, उष्णतेची आहे, तांदळाचं धोवण पेत जाय. दोन महिने पेली, काही फरक नाही.

पन माह्यं पांढरं हे नावालेच पांढरं आहे. पिवळं हिरवट असते, पातळ, फेस आल्यावानी, आन वास असा का विचारू नका. कापूस वेचाले जातो तं दुपारी शिदोरी सोडतो तवा मी बाकीच्या बायायपासून दूर बसतो, एकीनं विचारलं बी, काहून वं तिकडं बसली. खाज आहे, लघवीले गेलं का आग होते, परकर दिवसातून दोनदा बदला लागते.

गावात मोटरसायकलवर एक डॉक्टर येते, त्यानं दोनदा सुई देल्ली, गोळ्या देल्ल्या, पंधरा दिवस बरं वाटलं मंग पुन्हा तेच. मी हिशोब लावून पाह्यला तं एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या घरचे जेसीबी चालवतात, काम असन तिकडं जातात, कधी नागपूरकडं कधी तेलंगणात, महिन्या-दीड महिन्यानं घरी येतात. ते नसले का औषधानं थांबते, ते येऊन गेले का आठ-दहा दिवसात पुन्हा सुरू.

आता तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेलती. सोनोग्राफी केली, पिशवीले सूज आहे म्हणे, लेकरं झाली न तुमची, आता पिशवी कायले ठेवता, काढून टाका नाहीतं पुढं कॅन्सर होईन. चाळीस हजार सांगतले. अंदरून तपासलं नाही, पाणी काढून काचेवर पाह्यलं नाही, पोटावरून मशीन फिरवली तेवढीच. घरचे म्हणतात सोयाबीनचे पैसे हातात येऊ दे मंग करून टाकू.

मले दोन गोष्टी विचाराच्या आहे. पिशवी काढली तं हे खरंच थांबते काय. आन हे नवऱ्यापासून येत असन तं त्याचा अर्थ तोच होते काय जो माह्या मनात येऊन रायला. हे दुसरं मी कोणालेच विचारू शकत नाही, मायले बी नाही.

तुळशीपाशी

ताई मले बी असंच होतं. कोमट पाण्यात तुरटी फिरवून त्यानं अंदरपर्यंत धूत जाय सकाळ संध्याकाळ, डेटॉलचे दोन थेंब टाकले तं वास बी जाते. मले चार दिवसात फरक पडला. ऑपरेशनच्या भानगडीत पडू नोको.

निवृत्त_सिस्टर

बाई, पिशवीच्या ऑपरेशनची तारीख घेऊ नको. घेतली असशील तर पुढं ढकल. मी ३१ वर्षं एएनएम होते, अमरावती आणि यवतमाळ दोन्ही जिल्ह्यांत उपकेंद्रं केली, आणि फक्त पांढरं जाते एवढ्यावरून पिशवी काढलेल्या बाया मी इतक्या पाह्यल्या की तुझी पोस्ट वाचून मला रात्री झोप आली नाही म्हणून पहाटे उठून लिहीत आहे, लांब होईल, पूर्ण वाच.

तुरटीचं आधी. तुळशीपाशी ताई, तुमचा हेतू चांगला आहे पण हे कोणीच करू नका. मायांगाच्या आत आपले स्वतःचे चांगले जंतू राहतात, लॅक्टोबॅसिलस, दही लावणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद समजा. ते आत आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटपणामुळं बाहेरचा जंतू टिकत नाही. तुरटी, डेटॉल, साबण, कडूनिंबाचं पाणी, आतपर्यंत काहीही घातलं की हे राखणदारच मरतात. चार दिवस वास जातो कारण सगळंच धुऊन निघतं, मग दुप्पट येतो. बाहेरून साध्या पाण्यानं धुवायचं, आत बोट घालून काही करायचं नाही.

आता तुझं. थोडं पाणी प्रत्येक बाईला जातंच. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरणारं जातं, पोट असताना जास्त जातं, त्याला वास नसतो, खाज नसते, तो रोग नाही. हाडं वितळून पांढरं जातं असं आपल्याकडं सांगतात ते खरं नाही, हाडाचं काही खाली येत नाही, अशा बाईला थकवा असतो तो बहुतेक वेळा रक्त कमी असल्यानं, हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या घेतल्या की फरक पडतो. पण वास, खाज, आग आणि रंग बदलला की ते इन्फेक्शन, आणि इथंच सगळा घोळ होतो कारण इन्फेक्शन एक नाही आणि औषधही एक नाही.

दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट पांढरं, वास फारसा नाही पण खाजवून खाजवून जागा लाल होते, सुजते, ती बुरशी, कॅन्डिडा. साखरेच्या बाईला, पोट असलेल्या बाईला आणि दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक खाल्लेल्या बाईला जास्त होते. पातळ करडं पांढरं, खाज कमी पण मासळीसारखा वास, संबंधानंतर आणि पाळीत तो वास वाढतो, त्यात आतला चांगल्या-वाईट जंतूंचा तोलच बिघडलेला असतो. आणि पिवळं हिरवट, पातळ, फेसाळ, वास, खाज, लघवीला आग, तू लिहिलंस ते जसंच्या तसं, हे ट्रायकोमोनासचं वर्णन आहे. मी इथून बसून छातीठोक सांगू शकत नाही, तपासावंच लागेल कारण दोन-दोन इन्फेक्शन एकत्रही असतात. पण नवरा आला की परत येते हा जो हिशोब तू लावलास ना, तो त्या सोनोग्राफीपेक्षा कामाचा आहे. सोनोग्राफीत हा जंतू दिसतच नाही.

ट्रायकोमोनास संबंधातून जातो. एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या. तुला गोळ्या मिळाल्या, तू बरी झालीस, नवऱ्याला गोळ्या कोणी दिल्याच नाहीत, तो आला, परत तुला दिला. दीड वर्ष हेच चाललं आहे. आणि पिशवी काढून काय होणार, हा जंतू मायांगात राहतो, लघवीच्या वाटेत राहतो, पिशवी गेली तरी त्याचं घर तिथंच.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं जसं आहे तसं सांगते. बहुतेक पुरुषांना याचा काहीच त्रास होत नाही, थोडी लघवीला आग, तीही जाते. आणि हा जंतू अंगात महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त काळ गप्प राहू शकतो, बाईच्याही राहू शकतो. त्यामुळं आज सापडला म्हणजे परवा तेलंगणात काही झालं असं कोणत्याच तपासणीतून कळत नाही. कोणाकडून कोणाला गेला हेही कळत नाही. संबंधातून आला आहे एवढंच नक्की. पुढचं तुझ्या आणि त्याच्या मधलं आहे, ते तू विचारशील तेव्हा विचार, पण गोळ्या दोघांनी एकाच वेळी खाणं त्यासाठी थांबवू नको, आणि दोघांचा कोर्स संपून आठ दिवस होईपर्यंत संबंध नको.

जायचं कुठं तर ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्ह्याचं स्त्री रुग्णालय. तिथं सुरक्षा क्लिनिक म्हणून खोली असते, एड्स नियंत्रण कार्यक्रमातली, तपासणी आणि औषध फुकट, समुपदेशक असतो, नाव बाहेर जात नाही. त्यांच्याकडं रंगाच्या खोक्यातली औषधं असतात, पांढरं जाण्यासाठी हिरवं किट, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल. गर्भाशयाच्या तोंडाला क्लॅमिडिया नाहीतर गोनोरिया असेल तर वेगळं, राखाडी. हे दोन जंतू जास्त धोक्याचे कारण बहुतेक बायांना त्यात काहीच जाणवत नाही आणि आतल्या आत नळ्या खराब होतात, मग मूल राहत नाही किंवा गर्भ नळीतच राहतो. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल तर ते तिथं नक्की सांग, त्याचं औषध १४ दिवसांचं असतं.

एकच वाक्य पाठ करून जा. मॅडम, माझी अंदरून तपासणी करा आणि पाणी काचेवर पाहा. लाजू नको. तीन मिनिटांचं काम आहे.

धुरा_३४

मी हे आजपर्यंत कुठी लिहलं नाही. माही पिशवी ३४ व्या वर्षी काढली. मले बी पांढरंच जात होतं, कंबर दुखे, डॉक्टरनं कॅन्सरचं नाव काढलं आन आमच्या घरचे सगळे घाबरले, माह्या भावानं एक एकराचा हिस्सा गहाण ठेवला. पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयं बी काढली, हे मले टाके काढाले गेली तवा माहीत पडलं. विचारलं नव्हतं कोणी.

सहा महिन्यांनी पुन्हा पांढरं. तोच वास, तीच खाज. मी म्हटलं आता काय काढाचं रायलं माह्यं. वरून थंडीच्या दिवसात आंगातून वाफा निघे, रात्री घामानं चादर भिजे, दरदरून घाम आला का उठून अंगणात जाऊन बसत होती. सासरचे म्हणत हिले काय झालं. अंडाशय गेल्यानं पाळी जाण्याचं वय एकदमच आलं हे मले पुढं सेवाग्रामले एका मॅडमनं समजावून सांगतलं, हाडं बी त्यानंच ठिसूळ होतात म्हणे. त्यायनं अंदरून तपासलं, काचेवर पाणी घेतलं, तिथल्या तिथं सांगतलं इन्फेक्शन आहे, मले आन आमच्या घरच्यायले दोघायले गोळ्या लिहून देल्ल्या. गोळ्यायचे पैसे ऐंशी रुपये बी नाही झाले. आठ दिवसात बंद.

ऐंशी रुपयाच्या गोळ्या होत्या वं. पहिल्या दिवशी कोणी त्या देल्ल्या असत्या तं माह्यं सगळं आंगातच असतं. भावाचं वावर सोडवाले चार वर्ष लागले. तू पैसे देऊ नोको. एकदा काढलं का वापस बसवता येत नाही.

काचपट्टी

मी लॅब टेक्निशियन आहे, बुलडाणा जिल्ह्यात, सरकारी. सिस्टरनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त काचेवर काय होतं ते सांगतो म्हणजे भीती जाईल आणि तिथं जाऊन काय मागायचं तेही कळेल.

मॅडम आतून कापसाच्या काडीवर पाणी घेतात, दुखत नाही. आधी पट्टीचा कागद लावतात, आंबटपणा पाहायला. निरोगी असेल तर ४.५ च्या खाली येतो, बुरशी असली तरी बहुतेक खालीच राहतो, मासळीच्या वासाच्या प्रकारात आणि ट्रायकोमोनासमध्ये वर जातो. म्हणजे एका कागदावर अर्धा निकाल. मग थोडं पाणी एका काचपट्टीवर सलाईनच्या थेंबात आणि थोडं दुसऱ्या पट्टीवर पोटॅश म्हणजे केओएचच्या थेंबात. केओएच पडलं की मासळीचा वास भपकन येतो, त्यावरूनही कळतं. बुरशी असेल तर केओएचमध्ये बाकी सगळ्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे तेवढे उरतात, फांद्या फुटलेल्या पऱ्हाटीसारखे दिसतात, फांदीला बोंडं लागावी तसे बारीक गोल दाणे लागलेले.

आणि ट्रायकोमोनास म्हणजे पाहण्यासारखी गोष्ट आहे. पेरूच्या आकाराचा एकपेशीय जीव, पू-पेशीपेक्षा किंचित मोठा, पुढं चार बारीक शेपट्या, आणि तो हलतो. एका जागी झटके देत देत फिरतो, आजूबाजूच्या पेशींना धक्के मारत जातो. १८३६ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड डॉने नावाच्या डॉक्टरानं असाच साध्या मायक्रोस्कोपखाली पाहिला होता, आज आमच्या ग्रामीण रुग्णालयातला मायक्रोस्कोप त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. अडचण एकच, थेंब थंड झाला, वाळला, तर हा हलायचा थांबतो आणि थांबला की पू-पेशीत आणि त्यात फरक करता येत नाही. म्हणून नमुना घेतला की दहा-पंधरा मिनिटांत पाहावा लागतो. सकाळी अकराला घेतलेला नमुना जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिला तर रिपोर्ट निल येतो, बाई म्हणते मला काहीच नाही, आणि जंतू तसाच राहतो. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी असे रिपोर्ट दिलेले आहेत, नमुने साचवून एकदम पाहायचो, वरिष्ठ मॅडमनी एक दिवस शेजारी उभं करून ताजा थेंब दाखवला तेव्हा समजलं. आता नमुना आला की हातातलं काम सोडतो. ताई, तुम्ही सकाळी लवकर जा आणि मॅडमना विचारा की काच इथंच आत्ता पाहणार का. आणि ताजा थेंब पाहूनही हा कधीकधी निसटतो, त्यामुळं काच निल आली आणि त्रास तसाच राहिला तर परत जा. आदल्या रात्री संबंध नको, आतून धुऊन जाऊ नका, पाळी चालू असताना जाऊ नका, आणि मलम किंवा गोळी आत ठेवलेली नको, नाहीतर काचेवर काहीच धड दिसत नाही.

सोबत एचआयव्ही आणि व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी, करून घ्या, दोघांचंही. घाबरवत नाहीये. ट्रायकोमोनासनं आतला पातळ पडदा सुजलेला असतो त्यामुळं एचआयव्ही लागायचा धोका वाढतो, आणि सिफिलिस वर्षानुवर्षं गप्प बसतो. दोन्ही तपासण्या फुकट आहेत. लाज वाटण्यासारखं यात खरंच काही नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात ट्रायकोमोनासच्या सुमारे १५ कोटी ६० लाख नव्या लागणी झाल्या.

जंगलकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यातली, शिक्षिका. वावरातली_बाई, तुम्ही एकट्या नाही हे सांगायला लिहिते. आमच्या जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांना तपासलं होतं, १९८९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. शंभरातल्या ९२ बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, त्यातला अर्धा भाग इन्फेक्शनचा. आणि त्याआधी आयुष्यात एकदा तरी अंदरून तपासणी झालेल्या बाया शंभरात आठ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या आईचा विचार आला, तिनं आम्हा पाच जणांना जन्म दिला आणि दवाखान्यात ती कधी त्या टेबलावर झोपली नव्हती.

तुमच्याकडून दीड वर्षात दोन ठिकाणी पैसे घेतले आणि तपासलं कोणीच नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

कॅन्सरची जी भीती घातली त्याबद्दल थोडं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पांढरं गेल्यानं होत नाही, तो एचपीव्ही नावाच्या वेगळ्या विषाणूनं होतो, तोही संबंधातूनच येतो आणि बहुतेक बायांच्या अंगातून आपोआप निघून जातो, काहींच्या राहतो आणि वर्षानुवर्षांनी पेशी बिघडतात. त्याची तपासणी सोपी आहे, गर्भाशयाच्या तोंडावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच, मिनिटभर थांबतात, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायांची पाच वर्षांतून एकदा करतात, तुम्ही २९ च्या आहात, टेबलावर झोपलातच तर विचारून घ्या. पिशवी काढायला सांगणाऱ्याला आधी ही तपासणी केली का असं विचारायला पाहिजे होतं. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झालेल्या बाईला पुन्हा रक्त जाणं, पांढऱ्यात लाल मिसळून घाण वास येणं, हे असेल तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

वाशीमकर_७७

बायायच्या चर्चेत मी पुरुष घुसून रायलो त्याबद्दल माफी. पन हे मले सांगणंच आहे.

माह्या बायकोले हेच झालतं. सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनं तिले औषध देल्लं आन माह्यासाठी बी गोळ्या देल्ल्या, सांगतलं दोघायनं घ्या. तिनं घरी आणून मह्या हातात देल्ल्या. मी खिशात टाकल्या. मले काही होत नव्हतं, ना खाज ना आग, मंग मी कायले खाऊ, आन खरं सांगू तं मले तो अपमान वाटला, का मले रोगी समजून रायली का काय. मी तिले सांगतलं खाल्ल्या. खाल्ल्या नव्हत्या, धुऱ्यावर फेकून देल्ल्या. तिचं दोन महिन्यांनी वापस आलं. पुन्हा गोळ्या, पुन्हा मी फेकल्या. असं तीनदा झालं. ती बिचारी एकेक उपास करे, गोड सोडलं, तिखट सोडलं, म्हणे माह्याच आंगात काही खराबी आहे.

तिसऱ्या खेपेले मॅडमनं मलेच बोलावलं. रागावल्या नाही. कागदावर चित्र काढून सांगतलं का हा जंतू तुमच्या लघवीच्या नळीत बसून आहे, तुमाले त्रास देत नाही म्हणून तुमाले माहीत नाही, पन तुम्ही दर वेळी तिच्या आंगात पेरून रायले. पेरून हा शब्द त्यायनं वापरला आन मले लागला. मी तिथंच त्यायच्या समोर गोळ्या गिळल्या. तोंड दोन दिवस लोखंडासारखं कडू झालं, एवढाच त्रास. दारू बंद ठेवा सांगतलं होतं गोळ्या चालू असताना, ठेवली. तिचं त्यानंतर परत आलं नाही. त्या तीन खेपेतलं खरं मी तिले सांगतलं तवा ती तीन दिवस बोलली नाही माह्याशी, आन तिचं बरोबर होतं.

ताई, घरच्यायले तू एकटीनं सांगू नोको. भांडण होईन आन गोळ्या रायून जाईन. ते घरी आले का सोबत घेऊन जाजो, आन समुपदेशकालेच बोलू देजो, दवाखान्यातल्या माणसानं सांगतलं तं आमाले लवकर पटते, खराब आहे पन तसं आहे. अन् गोळ्या तुह्या समोर खाऊ देजो. यायले तयारच नसन तं १०९७ वर फोन करू देजो, फुकट आहे, नाव सांगा लागत नाही.

निवृत्त_सिस्टर

वाशीमकर दादा, हे लिहायला धाडस लागतं. ३१ वर्षांत गोळ्या फेकणारे पुष्कळ भेटले, सांगणारे तुम्ही पहिले.

वावरातली_बाई

१९ दिवसांनी लिहून रायली. सगळ्यायचं वाचलं, दोन-दोनदा वाचलं. धुरा ताई तुमचं वाचून मी गंज रडली.

आमच्या आशाताईले सांगतलं, ती म्हणे मी येतो सोबत, मंगळवारी लेडी डॉक्टर असते. सकाळच्या पहिल्या एसटीनं गेलो, सव्वानवाले पोहोचलो, नंबर चौथा लागला. जे पाठ करून जाय म्हणून सिस्टरनं सांगतलं होतं ते वाक्य बोलाले गेली तं आवाजच नाही निघाला, मंग आशाताईनं म्हटलं. मॅडमनं पडदा लावला, अंदरून पाह्यलं, म्हणे पिशवीचं तोंड लाल ठिपके ठिपके झालं आहे. काडीवर पाणी घेतलं आन शिपायाले नाही देल्लं, स्वताच शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. पाच मिनिटात वापस आल्या आन म्हणे ये, पाहतं का. मी घाबरतच डोळा लावला. आधी काहीच दिसे ना, सगळं धुकं धुकं. मंग दिसलं, एक नाही, लय होते, थरथर थरथर करून रायले, जसे डबक्यात पाण्यातले किडे वळवळतात तसे. दीड वर्ष मी हे घेऊन वेचणीले जात होती. मले किळस आली पन मनातून हलकं बी वाटलं का हे आहे, हे दिसते, माह्या डोक्यातलं नाही, कोणाची नजर नाही, उष्णता नाही.

सात दिवसाच्या गोळ्या देल्ल्या, घरच्यायसाठी बी देल्ल्या. व्हिनेगरवालं बी करून देल्लं, बरोबर निघालं. एचआयव्ही नाही, व्हीडीआरएल नाही. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, मॅडम म्हणे थकवा याचा आहे. पिशवीचा कागद दाखवला तं त्यायनं वाचला आन म्हणे दोन बाळंतपणानंतर पिशवी थोडी मोठी दिसतेच, काढाचं काही कारण नाही.

घरच्यायले मी फोनवर काही सांगतलं नाही, लेकराचं काम आहे म्हणून बोलावलं. ते आले, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, समुपदेशक दादा त्यायच्याशी एकट्याशी बोलले अर्धा तास. बाहेर आले तं तोंड उतरलेलं. घरी येऊन माह्या समोर गोळ्या घेतल्या. मी माह्या दुसऱ्या प्रश्नाचं अजून विचारलं नाही. त्यायनं बी काही सांगतलं नाही. रात्री उठून बसले होते ओट्यावर. आता आम्ही वेगळे झोपतो, मॅडमनं सांगतलं तितके दिवस, मंग पाहू. विचारीन मी. पन आधी आंग ठीक होऊ दे.

वास गेला. काल वेचणीले बायायसोबत बसून जेवली. मॅडमनं तीन महिन्यांनी पुन्हा काच पाहाले बोलावलं आहे, जाईन.

एक विचाराचं रायलं. माह्या जावेले चवथा महिना आहे, तिले बी पांढरं जाते, खाज आहे, दह्यावानी घट्ट येते म्हणते. माह्या गोळ्यायचं नाव मागून रायली, मेडिकलमधून आणतो म्हणे. देऊ काय?

निवृत्त_सिस्टर

देऊ नको. तुझा जंतू वेगळा, तिनं सांगितलं ते बुरशीसारखं वाटतं, तुझ्या गोळीनं बुरशी जात नाही, आणि बुरशीची जी तोंडानं घ्यायची गोळी मेडिकलवाला देईल ती पोट असताना घ्यायची नसते. तिच्यासाठी आत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी असते पण ती डॉक्टरनं पाहूनच. चवथा महिना आहे म्हणजे तिची व्हीडीआरएल, एचआयव्ही आणि साखर झाली आहे का तिच्या कार्डावर बघ, झाली नसेल तर तेही एकाच खेपेत होईल. येत्या मंगळवारी तीच पहिली एसटी, तिला घेऊन जा. वाट तुला माहीत आहे आता, पडद्यामागं तिच्या सोबत तूच उभी राहा.